रामाच्या पाठचा

१

गुरुवारी सकाळी दीपमाला शाळेच्या फाटकातून आत आली, तेव्हा आनंदाबाईच्या तिन्ही बकऱ्या कडुनिंबाखाली नव्हत्या.

पुरानं मोहधरीची अख्खी खालची वस्ती नेली होती आणि माणसं शाळेत आसऱ्याला आली होती. भिंती नेल्या, चुली नेल्या, पेरलेलं नेलं. या तीन बकऱ्या मात्र राहिल्या होत्या, आणि त्या का राहिल्या हे गावातल्या पोरासोरालाही ठाऊक होतं. शनिवारी दुपारी नाल्याचं पाणी गोठ्यात शिरलं आणि लक्ष्मणराव झाडे बकऱ्या सोडायला उतरले. बकऱ्या वर आल्या. लक्ष्मणराव आले नाहीत.

"मामी, बकऱ्या कुठी हायेत?"

"इकल्या," आनंदाबाई म्हणाली आणि हसली. पाच दिवसांत दीपमालानं तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "त्याहीच्या सुईसाठी पैसे धाडाचे होते. शनवारी गाडीत घालून आनून देतो मनते."

"कोन मनते?"

"दवाखान्यातला पोरगा. सोमवारपासून रोज अकराले फोन करते. मले आई मनते."

दीपमाला मोहधरीची कोतवाल. कोतवाल म्हटलं की शहरातल्या माणसाला घोड्यावरचा शिपाई दिसतो. प्रत्यक्षात तलाठ्याचे कागद घरोघर पोचवायचे, दवंडी द्यायची आणि साहेबाची गाडी आली की खुर्च्या पुसायच्या, एवढंच ते काम. आज तिच्या पिशवीत पोलिसांचा कागद होता. मंगळवारी सेलूच्या खाली बंधाऱ्याला एका पुरुषाचं प्रेत लागलं होतं. चेहरा पाण्यानं ठेवला नव्हता. पोलीस पाटील सदाशिवराव जाऊन आले आणि 'तोच आहे' म्हणाले, पण नुसत्या गाववाल्याच्या शब्दावर प्रेत मिळत नाही. जवळच्या माणसानं ओळखायला हवं. लक्ष्मणरावांना मूलबाळ नव्हतं, म्हणजे आनंदाबाईनंच. शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत कोणी आलं नाही, तर बेवारस म्हणून परस्पर अग्नी.

"ते जित्ते हायेत अन् मी मुर्दा पाहाले जाऊ?" आनंदाबाई म्हणाली. तिनं चोळीतून घडी केलेला कागद काढला. "हे पाह्य. दवाखान्याची चिठ्ठी. सुमीतच्या फोनात आलती, त्यानं छापून देल्ली."

वर कुठल्याशा 'करुणाधाम' दवाखान्याचं नाव होतं. खाली टाइप केलेलं: पेशंटचे नाव, भरत झाडे.

"मामी, यात तर भरत लिवलं हाय."

दीपमालाचा आवाज दवंडीचा. सगळा व्हरांडा वळला. खिचडीचा डाव हातात धरलेले केशवराव, रक्तदाब मोजणारी वेदश्री, अंगठ्याचं यंत्र पुसणारा सुमीत, बशीत चहा ओतणारे सदाशिवराव. सगळ्यांनी ऐकलं.

"फोनवर त्याहीचं नाव काय मनते तो?"

"मी त्याहीचं नाव इचारू?" आनंदाबाई त्या वयातही लाजली. "बाबा मनते. अन् कागदाचं काय घेऊन बसली वं? पयल्या फोनातच त्यानं सांगतलं, बाबा सुदीत नाईत, पन एकच बोलून राह्यले. तिसरी सुटली का, तिसरी सुटली का. तिसरीचं दावं ओलं होऊन आवयलं होतं, ते मी छपरावरून पाह्यलं. मी एकलीनं. आता सांग, त्या पोराले हे कोन सांगन, त्याहीच्याबिगर?"

दीपमालानं तिथूनच ठाण्याला फोन लावला. जमादार म्हणाला, असा दवाखानाच नाही त्या रस्त्यावर.

"तो पोरगा सांगूनच राह्यला होता," आनंदाबाई शांतपणे म्हणाली, "लोक असं मनतीन मनून. तू मले तिसरीचं कोनं सांगतलं ते दाखव. मंग मी येतो तुया मुर्दा पाहाले."

२

पूर आला की साप बिळातून निघतात, हे सगळे सांगतात. पूर ओसरल्यावर काय निघतं ते कोणी सांगत नाही. मोहधरीत पंचनामा व्हायच्या आधी पंचनामा करून देणारे आले होते. बुडालेल्या माणसाला काडी लागते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते काड्या विकतात.

पण इथली काडी कुणीतरी घरातून उचलून दिली होती. तिसऱ्या बकरीची गोष्ट आनंदाबाईनं कुणाकुणाला सांगितली?

"ज्यायनं कागद भरला त्यायले," ती म्हणाली. "चौघंच. गावातल्या बायाले काय सांगू, त्या समोर आल्या की रडतेत."

चौघं. आणि ती चौघंही सकाळी व्हरांड्यातच होती.

सदाशिवराव पहिले; पोलीस पाटील म्हणून ठाण्याचा अहवाल त्यांनी भरला होता, त्यात लक्ष्मण झाडेच होतं. त्यांच्याबद्दल गावात आधीच कुजबुज होती. पाटील सारखे 'मेला तो, मेला तो' करतात, झाड्याच्या घराच्या जागेवर डोळा आहे म्हणे.

"पाटील, तिसऱ्या बकरीचं तुमी कोनाले बोलले?"

"माया बायकोलेबी नाई बोललो." सदाशिवरावांनी बशी खाली ठेवली. "तू मायावर शक घेऊन राह्यली का वं?"

"सगळ्यावरच घेऊन राह्यली. तुमीच काऊन तिच्या मागं लागले, तो मेला मनून?"

"मेलाच तो. मी पाह्यलं त्याले. आठ वर्साचे होतो तेव्हापासून संगं पोहलो त्या नाल्यात, मले त्याची पाठ ओयखू येनार नाई का? पोलीस मनते, पाठ चालत नाई." म्हाताऱ्यानं बशी दूर सारली. "तो तथी फरशीवर पडला हाय अन् ही अथी फोनवर हसून राह्यली. मले पाहवत नाई. आता ते जागा तुमीच घ्या अन् तथी माही समाधी बांधा."

दीपमालानं मान खाली घातली. पण डोकं चालू होतं. हा माणूस खोटा असता तरी एक चूक त्याच्या हातून झाली नसती. साठ वर्षांच्या जोडीदाराला त्यानं भरत लिहिलं नसतं. चिठ्ठी बनवणाऱ्याला लक्ष्मणरावांचं नावच धड ठाऊक नव्हतं. त्याला सगळं ठाऊक होतं, तिसरी बकरी, आनंदाबाईचा फोन नंबर, तिला वाचता येत नाही हेसुद्धा. फक्त नाव तेवढं चुकलं होतं.

असं कसं होतं?

३

सुमीत चाळिशीला आलेला, गावात ऑनलाइन केंद्र चालवणारा. त्यानं कॉम्प्युटर फिरवून दाखवला. हरवल्याच्या अर्जावर आधारकार्डाचा फोटो, त्यावर लक्ष्मण झाडे, स्पष्ट.

"चिठ्ठी छापताना तुले भरत दिसलं नाई?"

"दिसलं ना."

"मंग बोलला काऊन नाई?"

सुमीतनं कॉम्प्युटर परत आपल्याकडे वळवला. "ताई, चार दिवस ते बाई चहाबी पेत नव्हती. कागद पाहून तिनं मले मनलं, बाप्पा सुमीत, दोन घास दे. मी काय सांगू तिले? मनलं, दवाखान्यात चुकीचं लिवतेत कधीकधी. माहीच चुकी झाली. मले मारा."

दीपमालाला तेवढी फुरसत नव्हती. यालाही नाव ठाऊक होतं, म्हणून हाही सुटला. उरले दोघं, आणि दोघंही बाहेरगावचे. वेदश्री नागपूरहून आरोग्य पथकासोबत आलेली, पंचविशीतली. केशवराव वर्ध्याचे, कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त. 'सावली' नावाच्या मंडळाचं रजिस्टर घेऊन ते पुराच्या दुसऱ्याच दिवशी हजर झाले होते. दिवसा खिचडी वाढायचे. चार वाजले की बायांना गोल बसवून रामायणातलं काहीबाही सांगायचे. बाया म्हणायच्या, देवमाणूस.

वेदश्रीनं वही लगेच पुढे केली. आनंदाबाईच्या पानावर पतीच्या नावाची जागा कोरी होती.

"त्यांनी नाव घेतलंच नाही," ती म्हणाली. "माझी आजीसुद्धा घ्यायची नाही. मी खूप विचारलं तेव्हा म्हणाल्या, रामाच्या पाठचा भाऊ, घे समजून."

"मंग लिवाचं ना, लक्ष्मन."

"लक्ष्मण?" वेदश्रीनं वर पाहिलं. "पाठचा म्हणजे पाठोपाठ जन्मलेला ना? रामाच्या पाठचा भरत. लक्ष्मण त्याच्यानंतरचा. मला खात्री वाटेना, म्हणून नंतर कार्ड बघून लिहू म्हटलं, आणि राहूनच गेलं."

दीपमाला जागच्या जागी उभी राहिली.

मोहधरीच्या देवळातल्या तसबिरीत रामाच्या पाठीमागं धनुष्य घेऊन उभा राहतो तो लक्ष्मण. गावात कुणालाही विचारा, रामाच्या पाठचा कोण, लक्ष्मणच सांगतील. ज्याला जन्माचा क्रम पाठ आहे त्याचंच चुकणार. ही अडाण्याची चूक नव्हती. शिकलेल्याची होती.

४

"अवश्य बघा," केशवराव म्हणाले. रजिस्टर त्यांनी दोन्ही हातांनी दिलं, पोथी देतात तसं. "लपवण्यासारखं आपल्याकडे काय आहे?"

दीपमालानं पान काढलं. अनुक्रमांक सात, आनंदाबाई झाडे. पतीचे नाव, लक्ष्मण.

तिचा चेहरा पडला. चौघांनी कागद भरले, आणि चौघांच्याही कागदावर भरत नव्हता. मग तो चिठ्ठीवर आला कुठून?

"तुमाले नाव सांगतलं का तिनं?"

"छे. रामाच्या पाठचा म्हणाल्या. बायका अशाच कोड्यात बोलतात." ते हसले. "मी लगेच ओळखलं. लक्ष्मण."

"लगेच?"

"रामायण आयुष्यभर वाचतो आहे, बाई."

त्या 'बाई'त एक पायरी होती, शिकलेल्यानं खुर्च्या पुसणारीला दाखवलेली. दीपमाला मुकाट्यानं त्या पायरीवर उतरली आणि रजिस्टर चाळत राहिली. राग आला की ती हातानं काहीतरी करते, नाहीतर तोंडातून शिवी जाते.

आणि हातालाच ते कळलं. रविवारी शाळेत कोरडी जागा नव्हती. त्या दिवशीची सगळी पानं ओल पिऊन फुगली होती, वाळल्यावर पापडासारखी वाकडी झाली होती. एक सोडून. सहा ते दहा क्रमांकाचं पान इस्त्री केल्यासारखं सपाट होतं. शाई एकाच पेनाची, अक्षर एका बैठकीतलं.

हे पान रविवारचं नव्हतं. सकाळी तिनं व्हरांड्यात 'भरत लिवलं हाय' म्हटलं, त्यानंतरचं होतं.

पण सपाट कागदावर कुणाला धरता येत नाही. केशवराव म्हणतील, पान फाटलं होतं, उतरून काढलं. आणि आनंदाबाई म्हणेल, पानाचं काय घेऊन बसली वं.

तिनं रजिस्टर परत दिलं. "धन्यवाद, साहेब. रविवारी बायाले कांबळी वाटली ती याच रजिस्टरावरून ना?"

"याच. प्रत्येकीला कुपन लिहून दिलं होतं मी, स्वतःच्या हातानं."

एवढं बोलून केशवराव उठले, आणि वयाच्या मानानं फार भराभरा बायांच्या खोलीकडे निघाले.

५

पण दीपमालाला त्या शाळेतली प्रत्येक खोली ठाऊक होती, मागच्या दारासकट. केशवराव पुढून पोचले, तेव्हा ती आनंदाबाईच्या शेजारी तिच्या गोधडीवर बसली होती आणि कुपन तिच्या मुठीत होतं.

कांबळं मिळाल्यावर कुपन फेकून द्यायचं असतं. पण ज्या बाईचं सगळं वाहून गेलं, ती स्वतःच्या नावाचा कागद फेकत नाही. आनंदाबाईनं ते उशाशी जपून ठेवलं होतं. त्यावर केशवरावांच्या वळणदार अक्षरात होतं: भरत झाडे यांचे कुटुंब, कांबळे एक.

"काय शोधून राह्यले, साहेब?"

"काही नाही. कुपनं परत घ्यायची आहेत, हिशेबाला."

"मंग पयले मायाच हातातलं वाचा. मोठ्यानं वाचा. मामीले ऐकू द्या."

त्यांनी वाचलं नाही. दीपमालानं वाचलं. मग बोलली, आनंदाबाईकडे पाहून, सावकाश, लहान लेकराला ताप कसा आला ते सांगतात तशी.

"मामी, तुमी यायले मनलं रामाच्या पाठचा. गावाले त्याचा लक्ष्मन समजते. यायले भरत समजला, कारन हे जास्त शिकले. रविवारी यायनं भरत लिवला, कुपनातबी अन् रजिस्टरातबी. सोमवारी फोन आला. चिठ्ठीत भरतच आला. दुसऱ्या कोनाजवळबी हा भरत नव्हता, मामी. मी सगळ्यायचे कागद पाह्यले. आज सकायी मी बोंबलली अन् यायनं रजिस्टराचं पान बदललं. खरा मानूस चुकी खोडते अन् वर दुरुस्त लिवते. पान कायले बदलन?"

आनंदाबाई केशवरावांकडे पाहत होती. "तुमी मायाजवळ बसले होते," ती म्हणाली. "रविवारी. मी रडली तं तुमी पानी देल्लं. तिसरीचं तुमालेच सगळ्यात आंधी सांगतलं."

केशवरावांना पळता आलं असतं. पण दारात सदाशिवराव उभे होते, आणि त्यांच्यामागं सकाळच्या फोनवरून चौकशीला आलेला जमादार.

"मी फोन केला नाही," केशवराव म्हणाले. "देवाशपथ नाही. फोन करणारे वेगळे आहेत, मी त्यांना पाहिलंही नाही. मी फक्त माहिती देत होतो. कोणाचं कोण हरवलं, काय बोलतात, वाचता येतं की नाही. एवढंच."

"एवढंच," दीपमाला म्हणाली.

"तुम्ही समजता तसं नाही, बाई. सगळ्या रडत होत्या. या एकट्या हसायला लागल्या. चार दिवस आशा मिळाली त्यांना. मी काय घेतलं त्यांचं?"

दीपमाला उठली. आयुष्यात कितीतरी साहेबांसमोर तिनं मान खाली घातली होती, आणि त्यातल्या प्रत्येक वेळेचा राग आता हातात आला होता. पण हात उचलायच्या आधीच आनंदाबाई बोलली. तिचा प्रश्न कोणालाच नव्हता, किंवा सगळ्यांना होता.

"मंजे ते तिसरीचं इचारूनच नाई राह्यले? मी त्याहीले धाडून सांगतलं होतं, सुटली मनून. निरोप पोचलाच नाई का?"

सदाशिवराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. केशवरावांनी खाली पाहिलं, आणि त्यांना खाली पाहताना बघून दीपमालाला वाटलं, या माणसाला एवढीही लाज कशाला असावी. नसती तर बरं होतं.

"दीपा," आनंदाबाई म्हणाली, "उद्या कितीक वाजता जाचं?"

६

शुक्रवारी साडेदहाला ते जिल्ह्याच्या शवागाराबाहेर पोचले. दीपमाला, आनंदाबाई, सदाशिवराव आणि जमादार. सुमीतही आला होता, कुणी बोलावलं नसताना, आणि सगळ्यांच्या मागं उभा होता.

आनंदाबाई आत गेली तेव्हा तिनं चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. कमरेकडे पाहिलं. करदोडा अजून होता, काळा, पाण्यानं फुगलेला. डाव्या बाजूला तीन गाठी, त्यातली मधली उलटी.

"माया हातची गाठ हाय," ती म्हणाली. "मले उलटीच येते. ते हासत होते मले."

मग तिनं चादर सारखी केली, पायाकडून, जशी झोपलेल्या माणसाची करतात. रडली नाही. सहा दिवसांचं रडणं आत कुठंतरी कोंडलं होतं आणि वाट विचारत होतं, हे दीपमालाला तिच्या पाठीवर हात ठेवल्यावर कळलं.

तेवढ्यात चोळीतला फोन वाजला. अकरा.

जमादारानं हात वर केला. त्यानं रात्रभर केशवरावांना बसवून ठेवलं होतं. त्यांच्या साथीदारांना अजून वास लागला नव्हता. फोन चालू राहिला तर माणूस कुठं बसलाय ते काढता येईल, कचेरीत लोक तयार होते. हे त्यानं गाडीत समजावलं होतं, पण तेव्हा करदोडा पाहिलेला नव्हता.

"मामी, जमत नसन तं राहू द्या," दीपमाला म्हणाली. "मी उचलतो. मी तुमच्यावानी बोलतो."

"तो माया आवाज ओयखते." आनंदाबाईनं फोन कानाला लावला. "हाव बाप्पा. बोल."

पलीकडचा आवाज बारीक ऐकू येत होता, गोड, तरणा. आई, आज सुई दिली. आई, बाबा डोळे उघडून बघत होते. आई, गाडीचं तेवढं पाठवा, म्हणजे उद्या निघतो.

जमादार घड्याळाकडे पाहत बोटानं गोल काढत होता. अजून. अजून बोला.

"जेवले का ते?" आनंदाबाईनं विचारलं. ती चादरीच्या कडेला उभी होती, एक हात चादरीवर. "पेज देल्ली का? त्याहीले ताक लागते वरून. खारं करू नोको. अन् पायाले तेल लावलं का? थंडी लागली की त्याहीचे पाय वाकडे होतेत. तू लावतो का? तुयं नाव काय रे? घरी माय हाय का तुले?"

पलीकडचा म्हणाला, हो आई, आहे.

"तिले फोन करत जा."

सदाशिवराव बाहेर निघून गेले. सुमीत भिंतीला टेकून खाली बसला. जमादारानं कचेरीतला निरोप ऐकला आणि दीपमालाकडे पाहून मान हलवली. सापडलं होतं. आता फोन ठेवला तरी चालणार होतं.

आनंदाबाईनं ते पाहिलं, पण लगेच ठेवला नाही.

"आता काय करून राह्यले ते?" तिनं विचारलं.

झोपलेत, आई. शांत झोप लागलीय. उठवू का? बोलायचंय का?

"नोको," ती म्हणाली. "निजू दे त्याहीले."